बारा महिने, बाराच्या भावात

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मराठी घरात दोन नवे कागद येतात. एक कालनिर्णय, दुसरा पुढच्या वर्षाच्या वाचनाची यादी. कालनिर्णय स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लागतं, यादी फ्रिजच्या दाराला. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या या दिनदर्शिकेच्या पानांमागे लेख छापलेले असतात आणि घरातला प्रत्येक माणूस ते कधी ना कधी वाचतो: कुकरच्या शिट्ट्या मोजताना, दूधवाल्याचे खाडे मांडताना, दुसऱ्याच्या घरी चहाची वाट बघताना. म्हणजे महिन्याला एक पान, पानाला एक-दोन विषय, वर्षअखेर सगळं वाचून पूर्ण. फ्रिजवरच्या यादीला हे यश आजवर मिळालेलं नाही.

यादीच्या कर्त्याला या लेखापुरतं ‘यजमान’ म्हणायला हरकत नाही. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडणाऱ्याला पूजेत हेच म्हणतात, आणि पुढचं सगळं गुरुजींवर आणि बायकोवर सोपवून तो तिथेही मोकळाच असतो. यजमान पुण्यात असतील, ठाण्यात, नागपुरात किंवा न्यू जर्सीत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत. घरात पुस्तकांचं एक कपाट, त्यातली निम्मी वाचलेली, उरलेली ‘वाचायची आहेत’ या सदरातली. यजमान पुण्याचे असले तर डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो. २०२३ पासून तो भरतो आहे. तिथून दोन पिशव्या भरून येतात आणि त्या ठेवायला जागा करताना गेल्या डिसेंबरच्या दोन पिशव्या सापडतात. संकल्पाचा उगम इथे आहे. ज्ञानाची तहान वगैरे नंतर सुचतं.

वर्षभराच्या वाचनाचं आव्हान हल्ली फोनमधून येतं. गुडरीड्स हे वाचकांचं संकेतस्थळ २००७ साली सुरू झालं, २०११ साली त्यांनी वर्षाचा आकडा जाहीर करायची सोय दिली, २०१३ साली ॲमेझॉननं ते विकत घेतलं. जानेवारीत आकडा टाकायचा. मग ते ॲप वर्षभर सांगत राहतं की तुम्ही ठरल्यापेक्षा इतकी पुस्तकं मागे आहात. हे काम पूर्वी गणिताचे मास्तर करत, पण ते निदान मे महिन्यात गावी जात.

महिन्याला एक विषय ही त्यातली वरची पायरी. नुसती चोवीस पुस्तकं कुणीही वाचेल. जानेवारीत अभिजात, फेब्रुवारीत कविता, मार्चमध्ये आत्मकथन असं वाचलं की वाचनाला अभ्यासक्रमाचं तेज चढतं. मराठी मध्यमवर्गाला अभ्यासक्रमाची ओढ उपजत आहे. शेवटची परीक्षा देऊन तीस वर्षं झाली तरी कोरी वही दिसली की त्याला समास आखावासा वाटतो.

परदेशात या खेळातले काही वीर होऊन गेले आणि यजमानांना ते तोंडपाठ आहेत. लंडनच्या ॲन मॉर्गन यांनी २०१२ साली १९६ देशांमधलं प्रत्येकी एक पुस्तक वर्षभरात वाचायचं ठरवलं. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या बेटांच्या देशातलं इंग्रजीत काही मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी पोर्तुगीजमधून एक पुस्तक खास त्यांच्यासाठी भाषांतरित करून दिलं. अमेरिकेतल्या ॲमन शे यांनी ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश, २१,७३० पानं, एका वर्षात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि २००८ साली त्या वाचनावर पुस्तक लिहिलं. फिलिस रोझ या बाईंनी न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीत कादंबऱ्यांची एक फळी धरली, एल-ई-क्यू ते एल-ई-एस या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आडनावांची, आणि चांगलं-वाईट न बघता ती वाचून काढली. इंग्लंडच्या सूझन हिल यांनी तर वर्षभर नवीन पुस्तक न घेता घरातलीच वाचायची, असं व्रत घेतलं. हे व्रत पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकातून रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसानं पाळून दाखवलं तर त्याचा नागरी सत्कार करायला हवा.

या सगळ्यांतली एक बारीकशी गोष्ट यजमान कुणाला सांगत नाहीत. यांतल्या प्रत्येकानं शेवटी आपल्या वाचनावर पुस्तक काढलं. यजमानांच्या वाट्याला येणार ते व्हॉट्सॲपवरचे अंगठे.

तारखेबरहुकूम वाचायची कल्पना मात्र गुडरीड्सच्या कितीतरी आधीची. चार्ल्स इलियट हे चाळीस वर्षं हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष होते. पाच फुटांच्या फळीवर मावतील एवढीच पुस्तकं रोज पंधरा मिनिटं वाचली तरी माणूस चांगला सुशिक्षित होईल, असं ते सांगत. कॉलियर या प्रकाशकानं त्यांनाच ती फळी भरून द्यायला सांगितलं आणि १९०९ पासून ‘हार्वर्ड क्लासिक्स’चे पन्नास खंड बाजारात आले. जोडीला पुढे एक मार्गदर्शिका निघाली: १ जानेवारीपासून रोज कोणत्या खंडातली कोणती पानं वाचायची, त्याचा तक्ता. खंड धडाक्यात खपले. किती घरांत ते फळीवरून खाली उतरले, याची चौकशी प्रकाशकानं केली नाही. पुस्तकं त्यांची, पंधरा मिनिटं ज्याची त्याची.

खरं तर हे शिकवायला मराठी माणसाला हार्वर्डची गरज नव्हती. गुरुचरित्राचा सप्ताह म्हणजे दुसरं काय आहे? बावन्न अध्याय, काही प्रतींत त्रेपन्न; दिवस सात; रोज कितव्या अध्यायापर्यंत जायचं ते पोथीतच छापलेलं. वाचताना आसनावरून उठायचं नाही, मध्येच बोलायचं नाही, रात्री चटईवर झोपायचं. इतक्या कडक नियमांचं वाचन-आव्हान काढायची एकाही ॲपची छाती नाही. शिवाय आपल्या पूर्वजांना माणसाच्या मर्यादांची जाण होती. संपूर्ण शिवलीलामृत वाचायला वेळ नसेल त्यानं अकरावा अध्याय वाचावा, ही सवलत रूढ आहे. ‘हिंदू’ कादंबरी पूर्ण वाचायला सवड नसेल त्यानं तिच्यातलं एखादं प्रकरण वाचलं तरी तेवढंच पुण्य लागतं, असं नेमाडे म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

त्यातही सगळ्यांत यशस्वी प्रकार साखळी पारायणाचा. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे एकवीस अध्याय. एकवीस जणांचा व्हॉट्सॲप गट करायचा, प्रत्येकाला एक अध्याय वाटून द्यायचा, ठरलेल्या गुरुवारी तो वाचायचा. पुढच्या गुरुवारी अध्याय एकानं सरकतो. वाचून झालं की गटावर ‘जय गजानन’ टाकायचं. संध्याकाळपर्यंत एखाद्याचं ‘जय गजानन’ आलं नाही की गटप्रमुख काकूंचा फोन येतो. सुतक आलं, प्रवास निघाला, तर बदली वाचक हजर. यजमानांच्या आई अशा एका गटात आहेत. त्यांना टार्गेटही माहीत नाही आणि ट्रॅकरही नाही, आणि त्यांचा गुरुवार चुकत नाही.

पंचांगानं तर मागे पडलेल्यांचीही सोय लावून ठेवली आहे. साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अख्खा अधिक महिना येतो: २०२३ मध्ये अधिक श्रावण, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. इंग्रजी वर्ष चार वर्षांतून एक दिवस जास्तीचा देतं, तोही फेब्रुवारीत.

असो. यजमानांनी इंग्रजी वर्ष निवडलं आहे, त्याला इलाज नाही.

यादी करायला बसणं हा निर्भेळ आनंद आहे आणि यजमान तो पुरवून पुरवून घेतात. आधी नवी वही, मग चार रंगांची पेनं, मग वहीत खाडाखोड दिसते म्हणून एक्सेल. रकाने: महिना, विषय, पुस्तक, लेखक, पानं, सुरुवात, शेवट, शेरा. शेऱ्याचा रकाना बँकेतून घरी आलेला. ज्या रविवारी पन्नास पानं सहज वाचून झाली असती, तो रविवार रकान्यांची रुंदी जुळवण्यात जातो, आणि संध्याकाळी यजमानांच्या चेहऱ्यावर भरपूर वाचन झाल्याचं समाधान असतं. प्रवासाच्या आधी प्रवासाचं जेवढं सुख असतं तेवढं प्रवासात नसतं, हे ट्रॅव्हल कंपन्यांना फार पूर्वीच कळलंय. प्रकाशकांना आत्ता कळतंय.

जानेवारी: राहून गेलेले अभिजात. या विषयाला हिंमत लागते, कारण नेमकं काय राहून गेलंय ते घरात उघड करावं लागतं. गेली पंचवीस वर्षं यजमान चारचौघांत ज्या ‘कोसला’विषयी बोलत आले, ते १९६३ सालचं पुस्तक या रकान्यात बघून मुलीनं भुवया वर केल्या. यजमानांनी घाईघाईनं शेऱ्यात ‘पुनर्वाचन’ असं लिहिलं.

फेब्रुवारीला कविता. सांगितलेलं कारण असं की २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. खरं कारण असं की महिना अठ्ठावीस दिवसांचा आणि कवितासंग्रह पातळ. मार्चला, आठ तारखेच्या महिला दिनाच्या मानानं, स्त्रियांची आत्मचरित्रं. सगळ्यांत वर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. यजमानीणबाई तेवढ्यापुरत्या डोकावल्या. “अहो, हे मार्चमध्ये नका घेऊ,” त्या म्हणाल्या, “मार्चमध्ये तुम्ही घरभर टॅक्सचे कागद शोधत असता.” सूचना हसण्यावारी गेली. एप्रिलला ‘बलुतं’ आणि ‘उपरा’, मेमध्ये प्रवासवर्णन, जूनमध्ये विज्ञान म्हणजे नारळीकर, जुलैत पावसाळी भय म्हणजे नारायण धारप, पुढे दोन महिने इतिहास. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांचा जन्मदिवस, तो महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन. म्हणून सहाशे पानांच्या घरातलं ‘हिंदू’ ऑक्टोबरला. नोव्हेंबरला भाषांतरं. डिसेंबरसमोर ‘उरलेली’ एवढंच लिहिलेलं. अख्ख्या यादीत प्रामाणिक असा हा एकच विषय.

वर्ष कोरं आहे, या समजुतीवर ही सगळी इमारत उभी असते. मराठी वर्ष कोरं नसतं. त्यात लग्नसराई असते, शाळांच्या परीक्षा असतात, पापड-कुरडया असतात, गणपती असतात, आणि वाचनाचेही त्याचे स्वतःचे महिने आधीच ठरलेले असतात. यादी त्यांना विचारून केलेली नसते.

पहिला तडाखा मात्र वाचनालयात बसतो. महाराष्ट्रात वाचनालयांना तोटा नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. सरकार सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं. वाचकांना असे वर्ग द्यायची तरतूद नाही, हे यजमानांचं नशीब.

तर यजमान छापील यादी घेऊन देवघेव विभागात उभे. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यातून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. ‘कोसला’ बाहेर. ‘रणांगण’ बाहेर. ‘बनगरवाडी’च्या दोन प्रती, एक बाहेर आणि एक बायंडिंगला. “मग अभिजात असं दुसरं काही?” यजमानांनी विचारलं. बाईंनी मागे न बघता हात लांब केला आणि बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा काढून ठेवली. “हे?” यजमान म्हणाले. “हे अभिजातच आहे,” बाई शिक्का मारत म्हणाल्या, “तीनदा बायंडिंग केलंय.”

अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी एका पिढीला अभ्यासाच्या पुस्तकाआड दुसरं पुस्तक लपवायला शिकवलं. यजमानांनी ती कथा नाइलाजानं घरी नेली आणि रात्री दोन वाजता संपवली. एक्सेलमध्ये तिला रकाना नव्हता.

‘कोसला’ शेवटी विकत आली. जानेवारी संपला तरी तिचा नायक पांडुरंग सांगवीकर काही पुण्याला पोचला नव्हता.

फेब्रुवारीत रोज एक कविता वाचायची होती. २७ तारखेला व्हॉट्सॲपवर इतक्या कविता येऊन पडल्या की महिन्याचा कोटा एका सकाळीच पुरा झाला. त्यांतल्या बऱ्याच ज्या कवीच्या नावानं आल्या त्याच्या नव्हत्या, ही गोष्ट निराळी. त्याच सुमाराला मुलीला कुठूनसं कळलं की साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ एवढ्या पाच दिवसांत लिहिली.

“बाबा, लिहिणाऱ्याला पाच दिवस आणि वाचणाऱ्याला महिना?”

“त्यांना तुरुंगात फोन नव्हता,” यजमान म्हणाले. उत्तर वाईट नव्हतं.

मार्चमध्ये टॅक्सचे कागद सापडले नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ यजमानीणबाईंनीच पुन्हा काढली आणि रात्री जेवताना त्यातले रेव्हरंड टिळकांच्या विसराळूपणाचे आणि उधळेपणाचे प्रसंग सांगायला सुरुवात केली, रोखून नवऱ्याकडे बघत. ते पुस्तक वाचून झालं असं धरावं की ऐकून झालं असं, हा प्रश्न यजमानांनी शेऱ्यात प्रलंबित ठेवला. एप्रिलविषयी लिहिण्यासारखं एवढंच की ‘बलुतं’ यजमानांनी सलग वाचलं आणि नंतर दोन दिवस शेरा लिहिला नाही.

मे महिना बरा गेला. प्रवासवर्णन म्हणून विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ निवडलेलं होतं. पुस्तक छोटं आणि गोष्ट अशी की तिच्यापुढे यादी करणाऱ्या कुणाचीही मान खाली जावी. वरसईच्या या भिक्षुकानं आखलेला बेत अगदी सरळ होता: उत्तरेत शिंद्यांच्या बायजाबाई मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे जायचं, दक्षिणा मिळवायची, घरचं कर्ज फेडायचं, परत यायचं. निघाले ते वर्ष १८५७. पुढे बंड पेटलं, गोडसे भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, जीव मुठीत धरून वणवण फिरले, लुटले गेले, आणि शेवटी दक्षिणेऐवजी गंगेची कावड घेऊन घरी आले. बेत पूर्ण फसला म्हणून पुस्तक झालं. ते १९०७ साली छापून आलं, प्रवासाला निघाल्यानंतर पन्नास वर्षांनी. यजमानांनी शेऱ्यात हा मुद्दा लाल रंगात नोंदवला आहे.

त्याच महिन्यात कुटुंब महाबळेश्वरला गेलं आणि वाटेत पाचगणीजवळ भिलारला थांबलं. २०१७ साली महाराष्ट्र सरकारनं या गावाला पुस्तकांचं गाव केलं. तिथे लोकांच्या घरांत, शाळेत, देवळात विषयवार पुस्तकं मांडलेली असतात: एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी विज्ञान, तिसऱ्या घरी कविता. यजमान थक्क झाले. त्यांनी बारा महिन्यांत जे बसवलं होतं ते या लोकांनी एका रस्त्यावर बसवलं होतं, आणि वर स्ट्रॉबेरी. एका ओसरीवर बसून त्यांनी मारुती चितमपल्लींचं एक पुस्तक उघडलं, ते अर्धं झालं तेव्हा गाडी सुटायची वेळ आली. चितमपल्ली यादीत नव्हते. नारळीकर जूनमध्ये ठरल्याप्रमाणे आले आणि ठरल्याप्रमाणे संपले. नारळीकर वेळ पाळायला लावतात. जुलैत वीज गेलेल्या एका रात्री मेणबत्तीच्या उजेडात धारप वाचायचा प्रयोग झाला. त्यानंतर धारप फक्त दुपारी.

श्रावणात आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. “मग शिवलीलामृत?” आईंनी विचारलं आणि मुलाकडे पाहिलं. यजमान तेव्हा इतिहासाच्या दुसऱ्या खंडात शिरत होते. पण रोज संध्याकाळी सात वाजता अकरावा अध्याय मोठ्यानं वाचायचा, हे ठरलं आणि तसंच झालं. कारण दिवा सातला लागतोच, आणि ऐकणाऱ्या बाईंना अध्याय पाठ असतो. ओवीतला एखादा शब्द गिळला गेला की डोळ्यावरच्या काळ्या चष्म्यामागून दुरुस्ती येते. एकदा घाईत दोन ओव्या एकदम उलटल्या तर आईंनी पान मागे घ्यायला लावलं. गुडरीड्सवर पन्नास पानं पुढची टाकली तरी कुणी विचारत नाही.

श्रावण संपला आणि गणपती आले. गणपतीत वाचायचं ते आरत्यांचं पुस्तक, तेही मोदकाचं सारण हाताला लागलेलं.

ऑक्टोबर. वाचन प्रेरणा दिनाला यजमानांनी खरोखरच ‘हिंदू’ हातात घेतलं. दोन्ही हातांत. पहिल्या आठवड्यात शंभरेक पानं झाली, आणि ती चांगली झाली. आव्हान म्हणून उचललेलं पुस्तक माणसाला नंतर खरोखर धरून ठेवतं, ते इथे दिसलं असतं. “अहो, ते जरा उचला, फराळाचे डबे ठेवायचेत,” असं म्हणून यजमानीणबाईंनी ‘हिंदू’ कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिवाळी अंक आले.

इलियटसाहेबांची फळी भरायला लागली त्याच १९०९ साली मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक तो, असं मानतात. दोन योजनांपैकी कुठली टिकली ते दिवाळीच्या सुमाराला कुठल्याही वाचनालयात जाऊन बघावं. ठरावीक रक्कम भरा आणि पुढचे काही महिने बदलून बदलून अंक न्या, ही वाचनालयांची योजना दर वर्षी असते, आणि एरवी दोन महिने पुस्तक न बदलणारी माणसं त्या दिवसांत सकाळी दार उघडायच्या आधी येऊन उभी राहतात. घरातही क्रम ठरलेला. पाहुणे येतात त्या टेबलावर ‘मौज’. ‘आवाज’ आधी मुलांच्या हाती लागतो, कारण त्यातल्या चित्रांच्या खिडक्या उघडून आत काय निघतंय ते बघण्याचा हक्क लहानांचा. मोठे मागाहून, कुणी नसताना उघडतात. आजी आधी राशिभविष्य काढते. यजमानांच्या राशीला वाचन-लेखनाला अनुकूल वर्ष सांगितलेलं असतं. दर वर्षी सांगितलेलं असतं.

हा वाचनाचा महिना कुणी जाहीर केला नाही, त्याला विषय नाही. एका अंकात कथा, कविता, व्यंगचित्रं, सहकारी बँकांच्या जाहिराती, एखादा अवघड परिसंवाद आणि शेवटी भविष्य, सगळं एकत्र. यजमानांची भाषांतरं नोव्हेंबरभर अंकांच्या ढिगाखाली होती. यजमानीणबाईंनी पंचवीस अंक बदलून आणले आणि जेवणाच्या टेबलावर त्यातल्या तीन कथांवरून कडाक्याचं भांडण झालं. यजमानांनी तावातावानं भाग घेतला. त्या तिन्ही कथा त्यांनी वाचलेल्या होत्या.

डिसेंबर हा हिशोबाचा महिना. ॲप सांगत होतं की यजमान बरेच मागे आहेत. तेव्हा काय धरायचं आणि काय नाही, यावर घरात खटला उभा राहिला आणि न्यायाधीशपदी मुलगी बसली. पुनर्वाचन धरायचं, असा निकाल लागला, नाहीतर पु. ल. देशपांडे मोजताच येत नाहीत. स्टोरीटेलवर ऐकलेलं पुस्तक धरायचं, पण ऐकता ऐकता झोप लागली असेल तर निम्मं. दिवाळी अंक पुस्तक म्हणून धरायचे की नाही यावर दोन दिवस युक्तिवाद झाला. तीन अंकांचं एक पुस्तक, असा तोडगा निघाला. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय महिनाभर रोज वाचला, तो एक अध्याय की एक पुस्तक? आई आतून म्हणाल्या, “ते मोजायचं नसतं.” कालनिर्णयाच्या मागच्या बाजूचा अर्ज मुलीनं दाखल करून घ्यायलाच नकार दिला.

मग यजमान नोंदी भरायला बसले आणि नवीनच संकट आलं. मराठी पुस्तकं त्या संकेतस्थळावर सापडतात, पण तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी. व्यंकटेश माडगूळकर एका ठिकाणी व्ही-वाय, दुसऱ्या ठिकाणी व्ही-ई, तिसऱ्या ठिकाणी देवनागरीत, आणि तिन्ही ठिकाणी त्यांचे वाचक वेगळे. काही पुस्तकं नव्हतीच. ती यजमानांनी स्वतः चढवली: मुखपृष्ठाचा फोटो, पानं, प्रकाशक, वर्ष. शेरा लिहायला जागा होती. डिसेंबरचे शेवटचे दिवस यजमान रात्री बारापर्यंत जागून ही ग्रंथपालाची चाकरी करत होते, आणि वाचनाला वेळ मिळत नाही म्हणून चिडचिड करत होते.

३१ तारखेला ॲपनं वर्षाचा गोषवारा पाठवला. सर्वात जाड पुस्तक, सर्वात बारीक पुस्तक, सरासरी पानं, रंगीत चौकटींत. त्यात सर्वात कमी वाचकांनी वाचलेलं पुस्तक म्हणून यजमानांनीच नोंदवलेली अर्नाळकरांची रहस्यकथा झळकली, वाचकसंख्या एक. यजमानांनी फोन सगळ्यांसमोर धरला. “बघा. जगात हे पुस्तक वाचणारा मी एकटा.”

“मग ते तीनदा बायंडिंगला कशानं गेलं?” यजमानीणबाईंनी विचारलं.